मासे पकडायला जाताना कॅमेरा पाण्यापासून वाचवायचा कसा? वॉटरप्रूफ, वेदर सील्ड आणि आयपी नंबरचं सोपं गणित

कॅमेऱ्याच्या बॉक्सवर काय काय लिहिलेलं असतं बघा, वॉटरप्रूफ, वॉटर रेझिस्टंट, स्प्लॅशप्रूफ, वेदर सील्ड, आयपी अमुक, आणि मग तोच कॅमेरा होडीत बसून दोन लाटांचे शिंतोडे खाऊन बंद पडला की दुरुस्तीवाला आतला गंज दाखवतो आणि सांगतो की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. माणूस चक्रावतो. बॉक्सवर तर पाण्याला चालतो असं लिहिलं होतं ना? गळ टाकायला जाणाऱ्या आणि सोबत फोटो काढायची हौस असणाऱ्या बहुतेक सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, म्हणून म्हटलं एकदा नीट मुळापासून लिहू.

आधीच सांगतो, कुठला कॅमेरा घ्या हे सांगणारा हा लेख नाहीये. पाणी आत कसं जातं हे एकदा कळलं की तुमच्याकडे आत्ता जो कॅमेरा आहे तोच खूप जास्त टिकवता येतो, आणि माझ्या मते जास्त पैसे टाकून नवीन वॉटरप्रूफ काहीतरी घेण्याआधी हे समजून घेणं गरजेचं आहे.

पाणी आत गेल्यावर नेमकं होतं काय

लोकांना वाटतं पाणी लागलं की कॅमेरा जळतो. तसं कधीकधी होतंही, शॉर्ट सर्किट होऊन लगेच बंद पडतो, पण बऱ्याचदा प्रकार सावकाश चालतो. आतल्या सर्किट बोर्डवर तांब्याच्या बारीक रेषा असतात, एकमेकींच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या काही दशांश अंतरावर. त्यांच्यावर पाण्याचा थर बसला आणि बॅटरी जोडलेली असली की वीज त्या पाण्यातून आडवाटेने जायला लागते, आणि ती जाताना एका रेषेतला धातू विरघळवून दुसरीकडे नेऊन बसवते. काही दिवसांनी उघडून बघितलं तर तिथे हिरवट पांढरी बुरी धरलेली दिसते. म्हणजे कॅमेरा भिजला त्या दिवशी चालतो, दुसऱ्या दिवशीही चालतो, आणि आठवड्याने अचानक मेमरी कार्ड ओळखेनासा होतो.

यात लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हे सगळं चालायला वीज लागते, आणि स्विच ऑफ केला म्हणजे वीज बंद झाली असं नसतं, बॅटरी आत आहे तोपर्यंत काही भागांना ती पोचतच असते. म्हणून कॅमेरा भिजला की पहिलं काम बॅटरी बाहेर काढणं. बाकी सगळं नंतर.

लेन्सचं दुखणं वेगळं. तिथे ओल राहिली की काचांच्या मधे धुकं धरतं आणि पुढे बुरशी येते. हवेतला दमटपणा बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला रान मोकळं, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेवर पसरतात आणि जुनी झाली तर ती काचेवरचं कोटिंगसुद्धा खाते. हे नुकसान पाण्यात न पडता, नुसतं सादळलेल्या बॅगेत पडून राहिल्यामुळेही होतं.

खाऱ्या पाण्याचा हिशोब वेगळाच

नदी-तळ्याचं पाणी आणि समुद्राचं पाणी यांना एका मापाने मोजू नका. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, आणि असं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त वीज वाहून नेतं, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं नुकसान तिथे झपाट्याने होतं.

पण खरी अडचण पाणी वाळल्यानंतर सुरू होते. गोडं पाणी वाळलं की बहुतेक निघून जातं, थोडे डाग राहतात. खारं पाणी वाळलं की मीठ जागेवरच राहतं. आणि मिठाची सवय अशी की हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं, समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असल्याने ते तर त्याच्याही आधी ओलं व्हायला लागतं. म्हणजे तुम्ही कॅमेरा वाळवून कपाटात ठेवलात तरी प्रत्येक दमट रात्री बटणाखालचा तो मिठाचा कण परत ओला होतो, सकाळी परत वाळतो, आणि दरवेळी थोडा धातू खातो. एका ट्रिपमधे उडालेले शिंतोडे चार महिने काम करत राहतात ते असे.

शिवाय त्या मिठाचे खडे टोकदार असतात. लेन्सवर वाळलेला खारा थेंब कोरड्या कापडाने घासला की कोटिंगवर ओरखडे येतात. लाटांच्या जवळ तर पाणी अंगावर यायचीही गरज नाही, वाऱ्याबरोबर येणारे तुषार तासाभरात लेन्सवर एक चिकट थर देतात, फोटो धुरकट येतायत म्हणून बघितलं की कळतं.

आयपी नंबर म्हणजे काय

आयपी नंबर म्हणजे एखादी वस्तू धूळ आणि पाणी किती अडवते हे प्रयोगशाळेत तपासून दिलेली श्रेणी, आयईसी ६०५२९ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. एखाद्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या बाबतीतली श्रेणी दिलेलीच नाही, एवढाच अर्थ.

आपल्याला दुसऱ्या आकड्याशी मतलब. ३ म्हणजे वरून आणि तिरपं, उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत येणारा फवारा. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे. ५ आणि ६ म्हणजे नळीने मारलेला पाण्याचा झोत, ६ मधे तर मिनिटाला १०० लिटर पाणी मारतात. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवणं. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणारी कंपनी ठरवते, म्हणून दोन आयपी ६८ वस्तूंची ताकद सारखी असेलच असं नाही, खालचं बारीक अक्षरातलं वाचावं लागतं.

आता यात लोक फसतात ते इथे. आकडा मोठा म्हणजे खालच्या सगळ्या परीक्षा आपोआप पास, असं ६ पर्यंत ठीक आहे, पण ७ आणि ८ ला ते लागू नाही. बुडवायची परीक्षा पास झालेली वस्तू झोताची परीक्षा पास झालेली असेलच असं नाही, ती वेगळी घ्यावी लागते आणि असेल तर दोन्ही नंबर लिहिलेले असतात. आणि ही बुडवायची परीक्षा होते कशी, तर नवीन कोरी वस्तू, गोडं पाणी, पाण्याचं आणि वस्तूचं तापमान जवळपास सारखं, आणि वस्तू शांत पडलेली. मासेमारीत यातलं एकही नसतं हो. पाणी खारं असतं, कॅमेरा दोन वर्षं वापरलेला असतो, उन्हात तापलेला असतो, आणि पाणी शांत तर अजिबात नसतं.

पाणी वेगात आदळलं तर किती फरक पडतो याचा हिशोब सोपा आहे. १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे मीटरमागे एक दशांश. आता होडी ताशी ३६ किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आणि त्या वेगाने कॅमेरा पाण्यावर आदळला, तर समोरच्या बाजूला क्षणभर जो दाब येतो तो जवळजवळ ५ मीटर खोलीइतका असतो. १ मीटरवाला कॅमेरा अर्धा फूटसुद्धा बुडला नाही तरी आत पाणी कसं गेलं, याचं हे एक उत्तर.

"पण माझा कॅमेरा वेदर सील्ड आहे"

वेदर सील्ड म्हणजे सांध्यांवर, बटणांखाली, झाकणांच्या कडेला रबर किंवा फोम लावलेला आहे. चांगली गोष्ट आहे, उपयोग होतोच. पण या शब्दामागे कुठलीही ठरलेली परीक्षा नाही. एका कंपनीने आठ ठिकाणी रबर लावलं आणि दुसरीने साठ ठिकाणी, दोघीही तेच लिहू शकतात. मोठ्या लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी फार थोड्यांना खरा आयपी नंबर आहे, उदाहरणार्थ ओएम सिस्टीमचा ओएम-१ हा आयपी ५३ आहे, आणि तेही तशीच सील केलेली लेन्स लावली तर. आता वरचं आठवा, ३ म्हणजे वरून येणारा तिरपा फवारा. पाऊस चालेल. होडीच्या कडेवरून खालून वर उसळणारं पाणी त्या परीक्षेत नव्हतंच.

बॉडी सील्ड आणि लेन्स साधी, ही जोडी तर सर्रास दिसते. लेन्स जिथे बसते तिथे मागे बारीक रबरी रिंग आहे का बघा, नसेल तर बाकी सगळं रबर असून तिथून वाट मोकळी आहे. काही महागड्या लेन्सना पुढे फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पूर्ण होत नाही असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, ते वाचत कोणी नाही. आणि झूम करताना जी लेन्स लांब होते ती बाहेरची हवा आत ओढते, नळीवर थेंब असतील तर आखडताना तेही आत घेते, त्यामुळे ओल्या लेन्सची नळी आधी पुसायची आणि मगच आत घ्यायची.

रबराचं म्हणाल तर कुकरच्या रिंगेचं जे होतं तेच इथल्या रिंगचं होतं. नवीन असताना मऊ, घट्ट बसते, वर्षा-दोन वर्षांत कडक होते, आणि मधे एखादा कण अडकला की शिट्टी व्हायच्या ऐवजी बाजूने वाफ जाते. कॅमेऱ्याच्या झाकणाच्या रिंगवर एक केस, वाळूचा एक कण किंवा माशाचं एक खवलं, बस. तेवढ्यावर आयपी ६८ संपलं. म्हणून फोन असो की कॅमेरा, पाणी अडवायची ताकद कायमची नसते हे कंपन्या स्वतःच सांगतात.

डास पळवायचं औषध आणि सनस्क्रीन हाही एक न बोलला जाणारा विषय. डीईईटी असलेली औषधं बऱ्याच प्लास्टिकना आणि रबरासारख्या मटेरियलना खातात, पकड चिकट होते, कव्हर पांढरं पडतं. लावा जरूर, पण कॅमेऱ्याला हात लावण्याआधी तळवे धुवा.

तापलेला कॅमेरा गार पाण्यात

हे फार कमी जणांना माहीत असतं म्हणून जरा थांबून सांगतो. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याच्या आत हवा बंद असते. होडीत उन्हात पडून तो ५० अंशांपर्यंत तापला, आणि मग माशाचा पाण्याखालून फोटो घ्यायला तुम्ही तो २० अंशांच्या पाण्यात घातला. आतली हवा गार होऊन आकसते, दाब साधारण ९ टक्क्यांनी पडतो, आणि हा फरक जवळजवळ १ मीटर पाण्याच्या दाबाइतका आहे. म्हणजे कॅमेरा पृष्ठभागाच्या खाली हातभर आहे पण त्याच्या रबरावर १ मीटरचा जास्तीचा भार आहे, आणि तोही आतून ओढणारा. रबर थोडं जरी जुनं असेल तर इथेच पाणी आत येतं.

उपाय काहीच अवघड नाही. कॅमेरा सावलीत ठेवायचा, आणि पाण्यात घालायच्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन-चार मिनिटं गार होऊ द्यायचा. काळ्या रंगाची ड्राय बॅग उन्हात ठेवायची नाही.

पाणी न लागता भिजलेला कॅमेरा

दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते ते तापमान. हवा ३० अंश आणि दमटपणा ८० टक्के असेल, जे पाण्याच्या काठी नेहमीचंच आहे, तर दवबिंदू साधारण २६ अंश येतो. तुम्ही रात्रभर एसीत २२ अंशांवर ठेवलेला कॅमेरा पहाटे थेट काठावर नेऊन बाहेर काढलात, की त्याच्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणार, बाहेरून आणि हवा आत शिरेल तिथे आतूनही. लोक घाईने लेन्स पुसतात, परत धरतं, परत पुसतात. आणि त्यात कोणी लेन्स बदलायला बॉडी उघडली तर ती दमट हवा थेट सेन्सरवर.

करायचं काय, तर थंड जागेतून निघण्याआधीच कॅमेरा झिपलॉक पिशवीत घालून हवा दाबून काढून बंद करायची, आणि बाहेर पोचल्यावर पिशवी न उघडता अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची. पाणी पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. मोठी लेन्स असेल तर एक तास द्या, काच सावकाश तापते.

याच्या उलटही होतं. पाण्याखालच्या बंद डब्यात, ज्याला हाउसिंग म्हणतात, दमट गरम हवा कोंडली आणि तो गार पाण्यात घातला तर समोरच्या काचेवर आतून धुकं येतं. म्हणून हाउसिंग कोरड्या एसीच्या खोलीतच बंद करायचं आणि आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवायची. सिलिका जेल म्हणजे ओल शोषणारे ते बारीक दाणे. नारिंगी दाणे ओल भरली की हिरवट होतात, मग ओव्हनमधे साधारण १२० अंशांवर दोन-एक तास तापवले की परत वापरता येतात. आधी निळे आणि ओल भरली की गुलाबी पडणारे दाणे असतील तर त्यात कोबाल्टचा क्षार असतो जो तब्येतीला बरा नाही, ते हाताळू नका. आणि वर्षभर बॅगेच्या कप्प्यात पडलेली पुडी काही कामाची नसते, ती केव्हाच भरलेली असते.

माशाला ओला हात हवा, कॅमेऱ्याला कोरडा

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण माझं स्पष्ट मत आहे की मासेमारीत कॅमेरे वाया जातात ते पाण्यात पडून कमी आणि ओल्या हातांनी जास्त.

विचार करा ना. मासा परत सोडायचा असेल तर त्याला धरण्याआधी हात ओले करायचे असतात, नाहीतर त्याच्या अंगावरचा चिकटा निघतो आणि तो चिकटा त्याचं रोगांपासून रक्षण करतो. म्हणजे ज्या क्षणी फोटो हवा असतो नेमक्या त्याच क्षणी तुमचे हात ओले, चिकट, आमिषाचा वास लागलेले असतात. त्याच हातांनी कॅमेरा उचलला जातो, कार्ड भरलं म्हणून झाकण उघडलं जातं, आणि बोटावरचा खारा थेंब झाकणाच्या आत उतरतो. मग झाकण नीट बंद करून तुम्ही ती ओल आत कोंडता. सीलिंग कितीही भारी असू दे, आत ठेवलेल्या थेंबावर ते काय करणार.

त्यामुळे नियम एकच, पाण्याजवळ कॅमेऱ्याचं कुठलंही झाकण उघडायचं नाही. निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ड रिकामं आणि मोठं, लेन्स एकच आणि घरूनच लावलेली. सेटिंगही आधीच करून ठेवा, शटर सेकंदाच्या १/५०० किंवा त्याहून वेगवान आणि आयएसओ, म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ऑटोवर, म्हणजे वेळेवर फक्त बटण दाबायचं. टचस्क्रीन बंद करा, ओल्या बोटांना आणि थेंबांना ती भलतंच काहीतरी ओळखते. दोघं असाल तर ठरवून घ्या, मासा धरणाऱ्याने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. एकटे असाल तर कॅमेरा स्टँडवर लावून ठराविक सेकंदांनी आपोआप फोटो घेणारा मोड लावा. आणि हे सगळं तयार होईपर्यंत मासा जाळ्यातच पण पाण्यात राहू द्या, त्याच्यासाठीही तेच बरं.

कोरडा टॉवेल एक हातांसाठी आणि एक कॅमेऱ्यासाठी, वेगवेगळे. हे दोन टॉवेल एकमेकांत मिसळले की सगळी मेहनत वाया गेली, म्हणून रंग वेगळे ठेवा आणि कॅमेऱ्याचा टॉवेल पिशवीत बंद ठेवा.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे गळ्यातला पट्टा. मासा काठाशी आला, तुम्ही जाळं घेऊन खाली वाकलात, सगळं लक्ष माशावर, आणि गळ्यातला कॅमेरा लोंबकळत पुढे जाऊन सरळ पाण्यात टेकतो. वर मासा शेपटी आपटतो ती लेन्सपासून हातभर अंतरावर. कॅमेरा पोटावर नको, पट्टा आडवा खांद्यावरून घ्या आणि कॅमेरा पाठीकडे सरकवा, किंवा सरळ केसमधे ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात उतरत असाल तर तो छातीच्या वर हवा.

अजून एक, रील गुंडाळताना दोरी पाणी घेऊन येते. विशेषतः विणलेली दोरी वेगाने गुंडाळली की रॉडच्या कड्यांमधून आणि रीलवरून बारीक फवारा उडतो, थेट छातीवर. छातीला कॅमेरा बांधलेला असेल तर दिवसभरात त्याने किती खारं पाणी प्यायलं हे कळतही नाही. होडीत बसायची जागाही बघून घ्या, चालत्या होडीत पुढच्या टोकाला आणि वारा येतो त्या बाजूला सगळ्यात जास्त पाणी उडतं, कॅमेऱ्याची केस मागे आणि वाऱ्याच्या आडोशाला असावी, आणि तळाशी नको, तिथे पाणी साठतं.

केस, पिशवी की साधं प्लास्टिक

रबरी रिंगवाली कडक पेटी माझ्या मते सगळ्यात भरवशाची. ती बंद असताना तरंगते, आपटली तरी चालते, कितीही शिंतोडे येऊ देत. फक्त ती उघडी ठेवून बसायचं नाही, काढला कॅमेरा की लगेच बंद, नाहीतर आत पाणी जमतं आणि मग तुम्ही कॅमेरा पाण्यातच ठेवता. काही पेट्यांना हवेचा दाब सारखा करणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो आहे का बघून घ्या.

ड्राय बॅग म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी. तिला किमान तीन घड्या लागतात, दोन घड्या घालून क्लिप लावली तर ती ओलीच होणार. शिंतोडे आणि पाऊस मस्त अडवते, एखाद्या वेळी पाण्यात पडली तरी बघता बघता उचलता येते, पण बहुतेक ड्राय बॅगा बुडवून ठेवण्यासाठी नसतात.

चालू कॅमेऱ्यावर रेन कव्हर नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी चालते. लेन्सएवढं भोक पाडून हूडवर, म्हणजे लेन्सच्या पुढे बसते त्या कडीवर, रबरबँडने घट्ट बांधायची, खालून हात घालायचा. हूड कायम लावा, पुढची काच थेंबांपासून वाचते. प्लास्टिक मात्र बंद ठेवून उन्हात राहिलं तर आत घाम धरतो, म्हणून अधूनमधून खालून हवा लागू द्या.

तरंगणाऱ्या पट्ट्याबद्दल विचारतात. तो फक्त वॉटरप्रूफ कॅमेऱ्यासाठी, साधा कॅमेरा तरंगून भिजणारच. आणि वजन बघून घ्या, कॅमेरा ७०० ग्रॅमचा आहे आणि पाण्यात ४०० मिलिलिटर जागा व्यापतो, तर पट्ट्याने किमान ३०० ग्रॅम उचलायला हवं. बादलीत घालून आधीच बघा.

"एवढ्या भानगडीपेक्षा फोन किंवा अ‍ॅक्शन कॅमेरा नेला तर?"

न्या की, आणि बऱ्याच जणांसाठी तेच योग्य आहे. गोप्रोच्या २०१६ च्या हिरो ५ पासून हे छोटे कॅमेरे वेगळ्या डब्याशिवाय १० मीटरपर्यंत चालायला लागले, आणि ओल्या हातांनी वापरायला ते बनवलेलेच आहेत. मासा हातात असतानाचा फोटो यावर घ्यायचा आणि मोठा कॅमेरा पेटीत ठेवून निवांत वेळी काढायचा, अशी विभागणी मला सगळ्यात पटते. फक्त यांचीही चार्जिंगची झाकणं असतात आणि यांचेही रबर जुने होतात.

फोनचं मात्र जपून. आयपी ६८ असला तरी परीक्षा गोड्या पाण्यात झालेली असते, आणि खारं पाणी चार्जिंगच्या भोकात राहिलं आणि तसाच चार्जरला लावला की आतले संपर्क गंजतात. पारदर्शक कव्हर पिशवीत घालत असाल तर आधी आत टिश्यू पेपर ठेवून पिशवी पाण्यात धरून बघा, कागद कोरडा निघाला तरच फोन घाला.

तसं पाण्यात कॅमेरा नेणं नवीन नाही. फ्रान्समधे लुई बूतांने १८९३ मधे पाण्याखाली फोटो काढले होते, आणि १९६३ मधे आलेला निकॉनचा निकॉनॉस हा कॅमेरा तर कुठल्याही वेगळ्या डब्याशिवाय पाण्यात जायचा. त्याच्या सगळ्या रबरी रिंगा वापरणारा स्वतः साफ करून ग्रीस लावायचा. आजच्या हाउसिंगलाही तेच लागतं, रिंग काढून बोटाने फिरवून कण चाचपायचा, मग कंपनीने सांगितलेलंच ग्रीस अगदी पातळ लावायचं. कुठलंही ग्रीस चालत नाही, सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉनचं ग्रीस लागलं तर ती फुगते. आणि ग्रीस पाणी अडवत नाही, ते फक्त रिंगला सरकायला मदत करतं, जाड थापलं तर उलट वाळू धरून ठेवतं.

भिजलाच तर

चालू होतोय का हे बघू नका. हाच पहिला मोह होतो आणि त्यानेच उरलंसुरलं जातं. बंद करा, बॅटरी काढा, कार्ड काढा, लेन्स काढा, बाहेरचं पाणी टिपून घ्या, घासू नका. हलवून झटकूही नका, पाणी अजून आत जातं. सगळी झाकणं उघडी ठेवून तोंड खाली करून कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा, मग सिलिका जेल भरलेल्या बंद डब्यात किमान दोन दिवस. हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको, त्या उष्णतेने रबर आणि गोंद सुटतात आणि वाफ आतल्या गार काचेवर जाऊन बसते. भिजलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही, खाऱ्या पाण्यात गेलेली तर अजिबातच नाही, ती पेट घेऊ शकते.

तांदळात ठेवू का, हा प्रश्न येणारच. नको. उघड्या हवेतल्या पंख्यापेक्षा तांदूळ काही विशेष करत नाही आणि पिठाचे कण भोकांत शिरतात, अ‍ॅपलने तर फोनसाठी स्पष्टच सांगितलंय की तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कणांनी नुकसान होऊ शकतं.

समुद्राचं पाणी आत गेलं असेल तर नुसतं वाळवून उपयोग नाही, मीठ आतच राहतं हे वर बघितलंच. बॅटरी काढून जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर उघडून साफ करणाऱ्याकडे द्या आणि खारं पाणी गेलंय हे स्पष्ट सांगा. आज सुकवू, पुढच्या आठवड्यात बघू, असं केलं तर त्या आठवड्यातच बोर्ड जातो.

घरी आल्यावरची पंधरा मिनिटं

दमून आलेलं असतो, बॅग कोपऱ्यात जाते, आणि तिथेच नुकसान पिकायला लागतं. वॉटरप्रूफ कॅमेरा असेल तर झाकण न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत थोडा वेळ बुडवून ठेवा, बटणं पाण्यातच दोन-चार वेळा दाबा म्हणजे खालचं मीठ निघेल. नळाचा जोरदार झोत मारू नका, झोताची परीक्षा वेगळी असते. मग पूर्ण कोरडा करा, हात कोरडे करा, आणि मगच झाकण उघडा, उघडताना झाकण खालच्या बाजूला धरून, म्हणजे कडेचा थेंब आत न जाता बाहेर पडेल.

साधा किंवा वेदर सील्ड कॅमेरा असेल तर बुडवायचा नाही अर्थातच. मऊ कापड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या आणि सगळी बॉडी पुसा, डायलच्या खाचा, फ्लॅश बसतो ती जागा, पट्ट्याच्या कड्या, ट्रायपॉडचा स्क्रू, मग कोरड्या कापडाने. लेन्सवर मिठाचे डाग असतील तर आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड टेकवून ठेवायचं, मीठ विरघळू द्यायचं, टिपून घ्यायचं, आणि त्यानंतर लेन्सचं कापड. पट्टा वेगळा काढून धुवा, त्यात सगळ्यात जास्त मीठ साठतं आणि लोक तो कधीच धूत नाहीत.

बॅग पूर्ण उघडी करून वाळवा, आतले स्पंजचे कप्पे काढून, कारण बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या स्पंजमधे ओल दोन-तीन दिवस राहते. कॅमेरा त्या बॅगेत परत ठेवू नका. ४० ते ५० टक्के दमटपणा राहील अशा बंद डब्यात, सिलिका जेल आणि एक छोटा दमटपणा मोजायचा मीटर टाकून ठेवा. मीटर ६० च्या वर दिसला की दाणे तापवायची वेळ झाली.